फायलीचा सातबारा

'आपणांस ही फाइल उघडण्याची परवानगी नाही' असं संगणकानं पडद्यावर दाखवलं की माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते मी आणखी दोनच ठिकाणी पाहिले आहेत. एक, तलाठ्याच्या दारात 'साहेब मीटिंगला गेलेत' हे ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर. आणि दुसरं, आमच्या बँकेच्या काउंटरवर 'सही जुळत नाही' हे ऐकणाऱ्या खातेदाराच्या. तिन्ही ठिकाणी माणसाचं म्हणणं एकच असतं, "अहो, पण ते माझंच आहे!" आणि तिन्ही ठिकाणी उत्तरही एकच मिळतं, "ते खरं हो, पण आमच्याकडं तशी नोंद दिसत नाही."

लोकांना वाटतं की हा उद्धटपणा संगणकानं आणला. मी बी.कॉम. झालेला साधा कारकून आहे, इतिहाससंशोधक नव्हे. पण वीसेक वर्षं लोकांना 'नाही' म्हणण्याचाच पगार घेत असल्यामुळं 'नाही'च्या इतिहासावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, असं मी समजतो. हा इतिहास जुना आहे. 'परवानगी' हा शब्दच मुळी फारसीतून आला. 'दफ्तर' तिकडूनच आलं आणि 'फडणीस'ही. म्हणजे दप्तर, ते लिहिणारा आणि ते बघायची परवानगी, असं सगळं बिऱ्हाड एकाच बैलगाडीतून आपल्याकडं उतरलं.

बरं, आपल्या लोकांनी यात पुढं काही कमी डोकं चालवलं नाही. शिवकालीन पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उठवलेली असते. तिला मोर्तब म्हणतात. पत्राची मर्यादा इथं संपली, याखाली कुणी शहाण्यानं एक ओळ वाढवू नये, असा तिचा अर्थ. लांब पत्रासाठी कागदाला कागद चिकटवत, तर मागच्या बाजूनं सांध्यावर शिक्का मारत. मधलाच एखादा तुकडा बदलला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळणार नाहीत. आज संगणकवाले ज्याला 'रीड ओन्ली' म्हणतात, म्हणजे वाचा पण हात लावू नका, ते आपल्याकडं साडेतीनशे वर्षांपूर्वी लाखेशिवाय आणि विजेशिवाय चालत होतं. शिवाय 'मोर्तब' कधी हँग होत नसे.

पुढं इंग्रजांनी आणि त्यांच्यामागून आपल्या सरकारनं जमिनीची दप्तरं बांधली. त्यातलं सर्वांत लोकप्रिय वाङ्मय म्हणजे सातबारा. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते, आणि गाव नमुना बारामध्ये तिच्यात काय पिकलं ते. या सातबाऱ्याची परवानगीची व्यवस्था बारकाईनं पाहा. शेतकऱ्याला वाचायचा अधिकार आहे, लिहायचा नाही. लिहायचं तलाठ्यानं. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गाव अजून तलाठीच म्हणतं.) तलाठ्यानं लिहिलं तरी ते लगेच पक्कं होत नाही. आधी फेरफाराच्या वहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर कागद लागतो, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा, वाचणारा वेगळा.

आमच्या बँकेतही तेच. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडं. एक जण रजेवर गेला की दुसऱ्याच्या हातातल्या किल्लीची किंमत घरच्या गोदरेज कपाटाच्या किल्लीइतकी. लेजरमध्ये कारकुनानं लिहायचं आणि अधिकाऱ्यानं तपासून आद्याक्षरं करायची. लेजरं जाऊन संगणक आले तरी मी नोंद करायची आणि पलीकडच्या केबिनमधून साहेबांनी ती मंजूर करायची, हे काही सुटलं नाही. बँकांतल्या यंत्रीकरणाचा पहिला मोठा करार संघटनांनी १९८३ मध्ये केला, १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांतून यंत्रं बसू लागली. यंत्र नोकऱ्या खाणार अशी त्या वेळी सगळ्यांना भीती होती. माझं निरीक्षण असं की यंत्रानं सही तेवढी खाल्ली आणि तिच्या जागी पासवर्ड ठेवला.

हा पासवर्ड नावाचा प्राणी संगणकात कुठून शिरला, तर अमेरिकेतून. एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी १९६१ मध्ये अशी प्रणाली दाखवली की एका अवाढव्य संगणकावर अनेक माणसं एकाच वेळी काम करतील. म्हणजे एकत्र कुटुंबच म्हणायचं. आणि एकत्र कुटुंब म्हटलं की डब्याला कुलूप आलंच. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ॲलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकाचे ठरवून दिलेले तास पुरेनात. त्यानं काय करावं? पासवर्डांची अख्खी फाइल छापून देण्याची विनंती त्यानं संगणकालाच केली आणि संगणकानं ती बिनतक्रार छापून दिली! कुलपाचा शोध आणि कुलूप उघडण्याचा शोध यांत एका वर्षाचं अंतर. पुढं १९६६ मध्ये तर कहरच झाला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत बसले होते. एकीत रोजची सूचना होती, दुसरीत सगळ्यांचे पासवर्ड. दोघांच्या कच्च्या फायलीला यंत्रानं एकच नाव दिलं आणि फायलींची अदलाबदल झाली. मग जो संगणकावर येईल त्याला 'सुप्रभात, आज अमुक वेळी यंत्र बंद राहील' याऐवजी समस्त सहकाऱ्यांचे पासवर्ड दिसू लागले. पाटीवर सुविचार लिहायच्या जागी सगळ्या वर्गाचे मार्क लिहावेत, तसं.

यातून शहाणी झालेली माणसं पुढं आली. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स नावाची प्रणाली बांधली. त्यांची परवानगीची पद्धत मला फार आवडते, कारण ती शुद्ध हिशेबी आहे. वाचण्याचे चार गुण, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. बेरीज सात. मग तीन आकडे ओळीनं लिहायचे. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा आणि तिसरा उरलेल्या जगाचा. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांनी वाचावं, चालवावं, पण लिहू नये. ६४४ म्हणजे मालकानं वाचावं-लिहावं, इतरांनी नुसतं वाचावं. ७७७ म्हणजे गावजेवण. कुणीही या, काहीही करा. संगणक दुरुस्त करणारे काही उत्साही तरुण, काही अडलं की ७७७ करून मोकळे होतात. दाराचं कुलूप अडकतं म्हणून दारच काढून ठेवण्यासारखं आहे ते. माणूस आत जातो हे खरं, पण मागून शेळीही येते.

घरगुती संगणकात मात्र पुष्कळ वर्षं दारच नव्हतं. १९८१ च्या डॉसला मालक ही कल्पनाच माहीत नव्हती. जो समोर बसला तो धनी. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डाची चौकट यायची खरी, पण 'रद्द' हे बटण दाबलं की माणूस सुखरूप आत. आमच्याकडं ओसरीत निजलेले आजोबा "कोण हाय?" म्हणून विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा घोरू लागत, तसला तो पहारा होता. खरा पहारेकरी आला विंडोज एनटीमधून. ती प्रणाली बाजारात आली २७ जुलै १९९३ ला. तीत प्रत्येक फायलीला एक मालक आला आणि मालकाखाली एक यादी आली, कुणी वाचावं, कुणी लिहावं आणि कुणाला साफ मनाई. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि हा पहारेकरी घरोघरच्या टेबलावर येऊन बसला.

आणि या पहारेकऱ्याची भाषा पाहिली की मला आमची तहसील कचेरी आठवते. त्याच्याकडं 'मालक' आहे. त्याच्याकडं 'वारसा' आहे. फोल्डरला जी परवानगी तीच आतल्या फायलींना वारशानं मिळते. मनाई आणि मुभा दोन्ही सारख्याच जवळून लिहिलेल्या असल्या तर मनाई जिंकते, हा नियम तर प्रत्येक कचेरीत शिपायालासुद्धा पाठ असतो. फाइल त्याच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात नुसती हलवली, तर ती आपली जुनी परवानगी बरोबर घेऊन जाते. तिची प्रत काढली, तर प्रत नव्या घरच्या रीतीनं वागते. लग्न होऊन आलेली सून आणि सासरी जन्मलेली नात यांच्यात हाच फरक असतो.

सर्वांत गंमत म्हणजे हा पहारेकरी माणसाला नावानं ओळखतच नाही. तो प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक देतो, 'एस-१-५-२१' असा सुरू होणारा, आणि फायलीवर तो क्रमांक लिहून ठेवतो. नाव आपल्या समाधानासाठी. तुम्ही खात्याचं नाव बदला, क्रमांक तोच राहतो, सगळं सुरळीत चालतं. २०२३ मध्ये आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, पण गाड्यांच्या पाट्यांवर एमएच २५ होतं ते एमएच २५ च राहिलं, तसं. उलट नव्या संगणकावर जुन्याच नावाचं खातं काढा. नाव तेच, स्पेलिंग तेच, पासवर्डही तोच, पण क्रमांक नवा. मग जुनी फाइल म्हणते, 'आपण कोण?'

हा प्रश्न आमच्या गावाला निराळ्या रीतीनं विचारला गेला, तोही त्याच वर्षी. विंडोज एनटी अमेरिकेत विकायला आली त्यानंतर दोन महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. माणसं दमून झोपली होती, दगडमातीच्या जाड भिंतींच्या आणि वर मातीचा भार असलेल्या माळवदांच्या घरांत. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण तेरणेच्या खोऱ्यातली कितीतरी गावं तशीच बसली. माझं सास्तूर त्यांतलं. तेव्हा ते उमरगा तालुक्यात होतं. लोहारा तालुका पुढं झाला. मी सातवीत होतो. त्या पहाटेबद्दल मी लिहीत नाही, कारण हे पुस्तक हलक्याफुलक्या लेखांचं आहे असं प्रकाशकांनी मला बजावलं आहे. मी कागदांबद्दल लिहितो.

कागदांचं असं झालं की सातबारा होता, पण त्यावरचा माणूस नव्हता. खातं होतं, सही करणारा नव्हता. किल्ली सापडली, पण कपाट कुठल्या ढिगाऱ्यात ते कळेना. बापलेक एकाच छताखाली एकाच मिनिटाला गेले, तर आधी कोण गेलं? हा प्रश्न ऐकायला निर्दय वाटतो, पण वारसा त्यावर ठरतो. कायद्यानं त्याचाही विचार करून ठेवला आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम २१. आधी कोण गेलं ते समजत नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत, लहान मोठ्याच्या मागं राहिला असं धरायचं. तलाठ्याकडं वारसांची एक वेगळी वही असते, गाव नमुना सहा-क. त्या वर्षी आमच्याकडं ती वही मोठमोठ्यानं वाचायला कुणाला धीर झाला नसावा. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशेबानं अडीचशे, साडेचारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रस्ते आले, घरांना नंबर आले. म्हणजे नाव तेच सास्तूर, पण क्रमांक नवा.

आता मला आमच्या गुरुजींची गोष्ट सांगायची आहे. ते शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना एक संगणक घेऊन दिला. त्या वयात माणसं पत्ते खेळतात; गुरुजी दोन बोटांनी टंकलेखन करत. काय लिहिताय म्हणून विचारलं तर म्हणत, "जुनं गाव उतरवून ठेवतोय." पुढं गुरुजी गेले, त्यांच्यामागं संगणकही गेला. मुलानं आतली डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली, वडिलांच्याच नावाचं खातं काढलं, तर उत्तर आलं, परवानगी नाही. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्यानं सल्ला दिला, "फॉरमॅट मारून टाका, डिस्क नवीकोरी होईल." मुलगा डिस्क रुमालात बांधून माझ्याकडं आला. बँकेत संगणकापुढं बसणाऱ्या माणसाला गावात संगणकतज्ज्ञ मानतात. दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला औषधं विचारतात तसं. म्हणाला, "भाऊ, बापूचं समदं ह्यात हाय. फॉरमॅट म्हंजी काय हो?"

मी म्हटलं, "तुझ्या-माझ्या गावाचं एकदा झालंय ते. पुन्हा नको."

डिस्क जोडून फोल्डरच्या गुणधर्मांत 'सुरक्षा' आणि तिथून 'प्रगत' असं गेलो. मालकाच्या जागी नाव नव्हतं. नुसता एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांब आकडा होता. ज्या यंत्राला त्या आकड्याचा माणूस माहीत होता ते यंत्र भंगारात गेलं होतं; उरला होता क्रमांक. सातबाऱ्यावर मयताचं नाव राहून जावं, तसा.

उपाय मात्र सरळ आहे आणि तो बरोबर तलाठी-पद्धतीचा आहे. संगणकाचा जो प्रशासक असतो त्याला दुसऱ्याची फाइल थेट वाचता आली नाही, तरी तिची मालकी घेण्याचा हक्क असतो. तो मालक बदलतो, आतल्या सर्व फोल्डरांनाही लागू करा अशी खूण करतो, आणि मग मालक या नात्यानं स्वतःला वाचण्याची परवानगी देतो. आधी मालकी, मग परवानगी. हा क्रम चुकवून चालत नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची हौस असेल त्यांच्यासाठी 'टेकओन' आणि 'आयकॅक्ल्स' अशा दोन आज्ञा आहेत, कामं तीच. ही रचना करणाऱ्यांचा हेतू मला बँकवाला म्हणून पटतो. प्रशासकाला गुपचूप डोकावता येऊ नये. त्यानं मालकी घेतली तर मालकाच्या रकान्यात तशी खूण राहावी. फेरफार म्हणजे तरी दुसरं काय? फक्त एक लक्षात ठेवावं. फाइल नुसती अडवलेली असेल तर हे चालतं. ती सांकेतिक करून ठेवली असेल आणि तिची किल्ली हरवली असेल, तर मालकी मिळूनही हाती गिचमीडच येते.

आणि गुरुजींची फाइल उघडली तर गिचमीडच आली! मुलाचा चेहरा पडला. पण ही गिचमीड माझ्या ओळखीची होती. त्या काळी मराठी टंकायला श्रीलिपीसारखे फॉन्ट असत. प्रत्येक फॉन्टचा आतला हिशेब निराळा. तो फॉन्ट यंत्रात नसला की ज्ञानेश्वरीसुद्धा रोमन अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ दिसते. एका संस्थेची परवानगी मिळाली की दुसरीची खिडकी सुरू होते, हा नियम इथंही होता. जुना फॉन्ट मिळवायला चार दिवस गेले. तो बसवला आणि पडद्यावर एकेक अक्षर जागेवर आलं.

गुरुजींनी खरंच गाव उतरवलं होतं. वेशीपासून सुरुवात, गल्लीमागून गल्ली, घरामागून घर. कर्त्याचं नाव, दार कुठल्या दिशेला, अंगणात काय, त्या रात्री आत किती माणसं आणि सकाळी किती. बेरजा नव्हत्या, गणित शिकवणाऱ्या माणसानं बेरीज केली नव्हती. आमच्या घराची ओळ मला सापडली. दार पूर्वेला, अंगणात कडुनिंब, माणसं सहा, मग पाच. पुढं माझ्या आजीचं नाव, नवऱ्याच्या नावासह, आडनावासह. आम्ही घरात तिला आई म्हणायचो, गाव वैनी म्हणायचं. सातबाऱ्यावरून ते नाव कमी झालं, आणि त्यानंतर मी ते कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "भाऊ, ह्याची एक कापी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." मी चार प्रती काढल्या, चार घरी दिल्या, आणि त्यांच्यावर वाचायची परवानगी सर्वांना ठेवली. लिहायची कुणालाच नाही. खाली 'मर्यादेयं विराजते' लिहावं असं फार मनात आलं होतं.

कुलपाच्या या साऱ्या इतिहासात मला एकच उणीव दिसते. प्रत्येकानं चोराचा विचार केला, वारसाचा विचार फार उशिरा केला. बँकेत ठेवींना नामनिर्देशनाची सोय १९८५ मध्ये आली. आता, नोव्हेंबर २०२५ पासून, चार जणांची नावं देता येतात. इंटरनेटवरच्या मोठ्या कंपन्यांनीही तुमच्या मागं खातं कुणाला द्यावं हे विचारायला अलीकडं सुरुवात केली आहे. टेबलावरचा संगणक मात्र अजून विचारत नाही. आणि विचारून तरी काय होणार? मी काउंटरवर फॉर्म पुढं करून "वारस म्हणून कुणाचं नाव लिहू?" म्हणतो, तेव्हा साठी उलटलेला गृहस्थ दचकून म्हणतो, "एवढ्यात कशाला? तब्येत बरी आहे की माझी!" दुसरा इकडंतिकडं बघून हळूच सांगतो, "बायकोचं लिहा, पण तिला सांगू नका." चार नावांची सोय झाल्यापासून तर एकाचा रकाना भरायलाही माणसं घरी सल्लामसलत करायला जातात ती पुन्हा येतच नाहीत.

माझ्यापुरती मी व्यवस्था केली आहे. घरच्या संगणकाचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती देवघरातल्या पोथीत ठेवली आहे आणि सौभाग्यवतींना जागा दाखवली आहे. पासवर्ड लिहून ठेवू नये असं आम्हाला प्रशिक्षणात कळकळीनं सांगतात. पण ती पोथी उघडायला आमच्या घरात कुणाला परवानगी लागत नाही, आणि म्हणूनच की काय, ती कधी कुणी उघडत नाही.